नेकारकाठची निळी कॉर्व्हेट

एप्रिलमध्ये हायडेलबर्गचा पाऊस कुणालाच सांगून येत नाही. उन्हात सायकल काढावी आणि पुढच्या चौकात पोचेपर्यंत केसांतून पाणी ठिबकू लागावं… उत्कर्षा रामटेकेला आता त्याची सवय झाली होती. संस्थेतून घरी परतताना ती भिजतच हांडशुसहाइमच्या त्या अरुंद गल्लीत वळली, आणि तिला गॅरेजच्या पत्र्याखाली एक माणूस उभा दिसला.

उंच, सावळा. डोक्यावर जाकीट धरलेलं, पण अर्धा खांदा तरी भिजलेलाच. तो गॅरेजच्या बंद दाराकडे असा बघत होता की जणू आत कुणी झोपलंय आणि त्याला उठवायचं की नाही हे ठरत नाहीये.

गिऱ्हाईक… उत्कर्षाने मनात म्हटलं. आणखी एक.

"फ्राऊ लिंडनर घरी नाहीत," ती सायकलवरून उतरत जर्मनमध्ये म्हणाली. "आणि गाडी बहुतेक विकली गेलीय."

"अच्छा," तो तेवढ्याच सभ्यपणे, पुस्तकातल्यासारख्या स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो जरा पाठ फिरवून बोलू लागला, आणि उत्कर्षाचा कुलपाकडे गेलेला हात तिथेच थांबला. तो मराठीत बोलत होता.

"हो आई, पोचलो. नाही, अजून बघितली नाही गाडी. मालकीणबाई घरी नाहीत म्हणे… एक मुलगी आहे इथं, ती सांगतेय. पण खोटं बोलतेय बहुतेक. कशावरून म्हणजे? वरच्या खिडकीत एक आजी उभ्या आहेत आणि मला हात करतायत." मग थोडं थांबून, "दिसायला? बरी आहे. म्हणजे… चांगली आहे. पण तू हे कशाला विचारतेस?"

उत्कर्षाने सायकलचं कुलूप लावलं. ओले केस मागे सारले.

"बरी की चांगली?" तिने मराठीत विचारलं. "एक काय ते ठरवून सांगा त्यांना."

तो वळला. जाकीट खांद्यावर घसरलं, आणि उरलासुरला कोरडा खांदाही पत्र्याच्या पन्हाळीखाली आला.

"आई, मी नंतर करतो," तो फोनमध्ये म्हणाला. फोन खिशात टाकला, चेहऱ्यावरचं पाणी पुसलं. शेवटी म्हणाला, "मी अश्वजित सोनसळे. नांदेडचा. स्टुटगार्टला असतो."

"उत्कर्षा रामटेके. नागपूर."

"जय भीम," तो म्हणाला, आणि हसला. त्या हसण्यात इतकी सुटका होती की उत्कर्षालाही रागावून राहणं जमेना.

"जय भीम. या आत… न्यूमोनिया झाला तर पुन्हा माझ्यावरच येईल."

फ्राऊ लिंडनर सत्तरी ओलांडलेल्या होत्या. शाळेत भूगोल शिकवायच्या, आणि अजूनही प्रत्येकाशी तो मागच्या बाकावर बसल्यासारखं बोलायच्या. त्यांचे पती वाल्टर घड्याळं दुरुस्त करायचे. फार वर्षांपूर्वी मायदेशी निघालेल्या एका अमेरिकन सैनिकाकडून त्यांनी ती गाडी घेतली तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या, असं फ्राऊ लिंडनर सांगत. घड्याळ उघडावं तशी वाल्टरनी ती सुटी केली, नट न् नट पुसला, आणि कितीतरी हिवाळे खर्चून पुन्हा जुळवली. वाल्टर गेल्यावर फ्राऊ लिंडनर स्वतः ती चालवत. दर रविवारी. शेजारी त्यांची भाडेकरू उत्कर्षा, डोक्याला रुमाल बांधून.

पण गेल्या शरदात त्यांचे डोळे दगा देऊ लागले. कडेचं सगळं दिसायचं, नेमकं समोरचं पुसल्यासारखं व्हायचं. त्यांनी किल्ली खिळ्याला अडकवली आणि गाडी विकायला काढली. तेव्हापासून रविवारी त्या दोघी गॅरेजमध्येच, उभ्या गाडीत बसून कॉफी प्यायच्या.

गॅरेजचं दार वर सरकलं तसा अश्वजित दोन्ही हात खिशात घालून उभा राहिला. बाकीची गिऱ्हाइकं आल्या आल्या गाडीवर हात फिरवत, वाकून खाली बघत. एकाने तर लोहचुंबक आणलं होतं, आणि ते कुठेच चिकटेना म्हणून तो घाबरला होता. या गाडीचं अंग पत्र्याचं नसून फायबरचं असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि उत्कर्षाने सांगितलंही नव्हतं.

छप्पन्न नव्हे, पासष्टही नव्हे, सहासष्ट सालची कॉर्व्हेट. उघडी, दोन जणांची. दिवस मावळल्यावर आकाश काही क्षण ज्या रंगाचं होतं, त्या निळ्या रंगाची. लांब नाक, कमरेशी किंचित आत घेतलेली, आणि मागे चार गोल लाल दिवे.

"हिचे पुढचे दिवे कुठे आहेत?" अश्वजितने विचारलं, पण त्याच्या आवाजावरून कळत होतं की त्याला ठाऊक आहे.

"झाकलेले असतात," उत्कर्षा म्हणाली. "पण उजवा उघडत नाही. कधीच."

तो वाकला, बटण शोधलं, दाबलं. दोन्ही दिवे सावकाश फिरून वर आले, दुपारच्या झोपेतून कुणी डोळे उघडावेत तसे. त्याने उत्कर्षाकडे पाहिलं. काही बोलला नाही. ते न बोलणंच तिला जास्त लागलं, आणि तिने उगाच भिंतीवरच्या पान्यांकडे नजर वळवली.

"तरुण माणसा," खाली येऊन बसलेल्या फ्राऊ लिंडनर खुर्चीवरून म्हणाल्या, "तुला ही कशाला हवी? स्टुटगार्टला स्वतःच्या गाड्या नाहीत की काय?"

अश्वजित विचार करून, एकेक शब्द जुळवत बोलला. "मी ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. घरात मोठा मुलगा. पहिल्या पगारापासून जे काही घेतलं, ते कशासाठी तरी घेतलं. बहिणीच्या कॉलेजसाठी, घरावरच्या दुसऱ्या मजल्यासाठी, आईच्या गुडघ्यांसाठी. आनंदाने घेतलं. पण ही… ही कशासाठीच नाही. ही नुसती सुंदर आहे. आमच्या घरात असं आजवर कुणी काही घेतलेलं नाही."

बाहेर पाऊस थांबला होता.

"आल्झो, ठरलं तर मग," त्या उठत म्हणाल्या. "रविवारी या. मी शेजारी बसून पाहिल्याशिवाय कुणाला गाडी देत नाही."

तो रविवारी आला. त्याच्या पुढच्या रविवारीही आला. फ्राऊ लिंडनर सुती हातमोजे चढवून त्याच्या शेजारी बसत, आणि नेकार नदीच्या काठाने ती निळी गाडी दिसेनाशी होई. गाडीत दोनच जागा. उत्कर्षा घरी थांबे, प्रबंधाचं प्रकरण उघडून. एकही ओळ पुढे सरकत नसे. कान मात्र गल्लीच्या टोकाशी… त्या इंजिनाचा आवाज इतर गाड्यांसारखा नव्हता. खोल, घशातून आल्यासारखा, गाणं सुरू करण्याआधी कुणी खाकरावं तसा.

परतताना ते पांढऱ्या शतावरीच्या कोवळ्या कोंबांच्या जुड्या आणत, कधी स्ट्रॉबेरी. मग स्वयंपाकघरात तिघं बसत, आणि अश्वजित शतावरी सोलायला घेई.

"तुम्ही डासांवर पीएच.डी. करता म्हणे," तो एकदा म्हणाला. "डासांसाठी एवढ्या लांब जर्मनीत? आमच्या नांदेडला यायचं होतं. संध्याकाळी दार उघडं ठेवलं की झालं."

"इथले डास शिस्तीचे आहेत. पिंजऱ्यात राहतात. वेळेवर जेवतात."

"आणि चावतात?"

"फक्त खोटं बोलणाऱ्यांना."

"मग तुमच्या हातावर एकही खूण कशी नाही?" त्याने शतावरीवरून नजर न उचलता विचारलं.

उत्कर्षाला आपले कान लाल होताना जाणवले. फ्राऊ लिंडनरना मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण त्या खिडकीबाहेर बघत हसत होत्या.

"नावातच तुमच्या घोडे," ती सावरून म्हणाली. "तेवढे पुरत नाहीत म्हणून आणखी तीनशे विकत घेताय?"

"ते सगळे कुणाला तरी घेऊन कुठेतरी जायला बरे," तो म्हणाला. मग एकदम गप्प होऊन पुन्हा सोलू लागला. ती शतावरी त्याने इतकी सोलली की तिची काडी झाली.

मे महिन्यात एकदा तो रविवारऐवजी शनिवारी आला. फ्राऊ लिंडनर शाल गुंडाळून बसल्या. पाठ दुखतेय म्हणाल्या. "आज तू जा त्याच्याबरोबर. वळणावर कसा वागतो ते बघ, आणि मला खरं खरं सांग. खरं, उत्कर्षा."

त्यांनी तिला स्वतःचा रेशमी रुमाल दिला. अश्वजितने दार उघडून धरलं. गाडी इतकी जमिनीलगत होती की आत बसणं म्हणजे पाण्यात पाय सोडून बसल्यासारखं वाटे. मग छत उघडं, वर चेस्टनटची पानं, त्यांतून गळणारं ऊन… आणि शेजारी नदी, त्यांच्याच वेगाने निघाल्यासारखी.

बोलणं फारसं झालं नाही. वाऱ्यात बोलता येत नव्हतं. गिअर बदलताना त्याचा हात तिच्या गुडघ्याजवळून जाई आणि दर वेळी तो किंचित आखडून घेई. उत्कर्षाला ते आखडून घेणं आवडलं. वळणावर तो घाई करत नव्हता. गाडीला काय हवंय ते आधी ऐकून घेत होता, मग वळत होता.

हिर्शहॉर्नच्या अलीकडे ढग खाली आले. टपोरे थेंब काचेवर फुटले.

"छत," तो म्हणाला. "दोघांशिवाय बसत नाही ते."

त्याने गाडी एका अक्रोडाच्या झाडाखाली घेतली. कापडाचं ते पांढरं छत ओढताना तिच्या बाजूचा आकडा बसेना. त्याने पलीकडून हात लांबवला, तिने रेटलं… आकडा बसला, पण तोवर दोघंही नखशिखांत भिजले होते. आत येऊन बसल्यावर दोघांनाही हसू आवरेना. वर कापडावर पावसाची संथ टपटप, काचा वाफेने धूसर. जग तेवढंच उरलं होतं, दोन जागांचं.

उत्कर्षाने पिशवीतून स्टीलचा डबा काढला.

"खीर आहे. सकाळी केली होती… आज बुद्धपौर्णिमा."

अश्वजितने डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मला वाटलं होतं, इथे फक्त मलाच आठवतंय."

चमचा एकच होता. तो आळीपाळीने फिरला. इथल्या तांदळाची खीर थोडी चिकट झाली होती, पण वेलदोडा नागपूरचा होता.

"सकाळी खोलीत मेणबत्ती लावली," तो हळू आवाजात म्हणाला. "वंदना म्हणायला घेतली आणि मध्येच अडखळलो. लहानपणी विहारात सगळ्यांबरोबर म्हणताना कधी अडखळलो नव्हतो. एकट्याने म्हटलं की पुढचे शब्द येत नाहीत."

"कुठे अडखळलात?"

त्याने सांगितलं. उत्कर्षाने डोळे मिटून तिथून पुढचे शब्द म्हटले, अगदी हळू. पावसाच्या आवाजापेक्षा जेमतेम मोठ्याने. दुसऱ्या ओळीला त्याचाही आवाज येऊन मिळाला. वाफाळलेल्या काचेवरून एक थेंब घरंगळत खाली गेला, त्याच्या वाटेतून बाहेरचं थोडंसं हिरवं दिसलं.

अशा वेळी माणूस खरं बोलून जातो. उत्कर्षाही बोलून गेली.

"ही गाडी गेली की ते घर बंद होणार. फ्राऊ लिंडनर कॉन्स्टान्झला बहिणीकडे जातील. मी कुठेतरी खोली बघेन… इथे आल्यावर पहिली दोन वर्षं मी हॉस्टेलमध्ये होते. आजारी पडले तरी कुणाला कळायचं नाही. या घरात पहिल्यांदा कुणी विचारलं, उशीर का झाला म्हणून. म्हणून मी आलेल्या गिऱ्हाइकांना…" ती थांबली. "तुम्हाला कळलंच असेल."

"पहिल्याच दिवशी," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचं काहीतरी जातंय असं वाटलं. काय, ते कळलं नव्हतं."

पाऊस ओसरला तरी त्याने गाडी सुरू केली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो बराच वेळ समोर बघत राहिला. परतताना तो हसला नाही, आणि निरोप घेताना तिच्या डोळ्यांत पाहिलंही नाही.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आणि जूनच्या सुरुवातीला त्याचा फोन आला, फ्राऊ लिंडनरना. उत्कर्षा स्वयंपाकघरात बशा पुसत होती. तिला फक्त इकडचं बोलणं ऐकू येत होतं. "हो… हं… असं का? नाइन, मला राग नाही." मग रिसीव्हर ठेवल्याचा आवाज.

"तुझा अश्वजित गाडी घेत नाही म्हणतो."

"माझा नाही तो," उत्कर्षा म्हणाली. बशी पुसून झाली होती, तरी ती पुसत राहिली. गाडी राहणार. घर राहणार. महिनोन्‌महिने तिला हेच तर हवं होतं. मग छातीत हे असं रिकामं रिकामं काय झालं?

"मग फ्रँकफुर्टचे एक साहेब न बघताच घ्यायला तयार आहेत, ते रविवारी येऊन नेतील," फ्राऊ लिंडनर म्हणाल्या. "ऑफिसच्या दर्शनी दालनात काचेमागे ठेवणार आहेत. चालवणार नाहीत. वाल्टरला आवडलं नसतं, पण मला आता थांबता येत नाही."

"थांबता येत नाही? पण तुम्हाला तर जायचंच नाहीये."

फ्राऊ लिंडनरनी मान थोडी तिरकी केली. समोरचं माणूस पाहायला आता त्यांना तसंच करावं लागे.

"हे तुला कुणी सांगितलं? उर्सुलाच्या घरासमोर तळं आहे. मला कडेकडेचंच दिसतं, तळ्याची कड मोठी असते. शरदापासून मी माझ्या बहिणीकडे जायला बघतेय, बाळा. आणि येईल तो माणूस तुझ्याशी बोलून पळून जातोय. मला वाटलं, पोरगी अजून तयार नाही, देऊ थोडा वेळ. पण तो एक पळाला नाही. त्याने उजवा दिवा उघडून दाखवला." त्यांनी तिच्या हातातली बशी काढून घेतली. "त्याला तू काय सांगितलंस?"

उत्कर्षाने सांगितलं. सांगताना तिचं तिलाच उमगत गेलं. तो गाडी नको म्हणाला होता ते तिच्यासाठी. आयुष्यात पहिल्यांदा हवीशी वाटलेली गोष्ट त्याने तिच्या एका वाक्यासाठी मुकाट सोडून दिली होती.

"मला वाटतं… मी त्याला भेटायला हवं," ती चाचरत म्हणाली.

"या, या," फ्राऊ लिंडनर म्हणाल्या.

जर्मनमध्ये त्याचा अर्थ एवढाच होता, हो, हो. उत्कर्षाला मात्र ते मराठीतच ऐकू आलं, पलीकडून कुणी बोलावल्यासारखं. तिने ओले हात पुसले, फोनजवळच्या वहीतून त्याचा पत्ता उतरवला, जाकीट घेतलं आणि ती निघाली.

फुटबॉलच्या वर्ल्ड कपचे दिवस होते. गालांवर झेंडे रंगवलेल्या पोरापोरींनी ट्रेन भरली होती. कुणीतरी तिच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला, कुणी गळ्यात हार घातला. स्टुटगार्टला एस-बानच्या लोकलमधून उतरून ती त्याच्या भागात पोचली तेव्हा संध्याकाळ सोनेरी झाली होती. त्याचं घर टेकडीवर. वर जायला दोन बागांमधून चढत जाणाऱ्या दगडी पायऱ्या, भिंतीवरून ओघळलेले गुलाब… तिला धाप लागली, ती पायऱ्यांमुळे की कशामुळे, कोण जाणे.

दारावर तिने टकटक केली. आतून खलबत्त्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"सॉरी, हेर बाख, आता नाही कुटत," शेजारी आला असं समजून अश्वजित दार उघडता उघडता जर्मनमध्ये म्हणाला. मग त्याने पाहिलं. हातात बत्ता, बोटांना तिखट आणि शेंगदाण्याचा कूट. समोर उत्कर्षा, गळ्यात कागदी फुलांचा हार.

"तुम्ही…" तो म्हणाला.

"गाडी घ्या," ती म्हणाली. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं त्या पायऱ्यांवरच कुठेतरी सांडली होती. "त्यांना जायचंच आहे. तळ्याकाठी. मीच उगाच दार अडवून उभी होते. रविवारी ती फ्रँकफुर्टला जाईल आणि काचेमागे उभी राहील. तुम्ही घ्या."

"तुमचं घर मोडून मला गाडी नकोय."

"घर त्यांचं आहे. माझं… माझं मी बघेन."

अश्वजितने बत्ता दाराजवळच्या कपाटावर ठेवला. "एवढंच सांगायला आलात? फोन केला असता तरी चाललं असतं."

खाली शहरातून भोंग्यांचे आवाज येत होते, कुणीतरी गोल केला असावा. उत्कर्षाने गुलाबांकडे पाहिलं. मग धीर करून त्याच्याकडे.

"तुम्ही रविवारी येत नव्हता तेव्हा," ती म्हणाली, "मी गल्लीच्या टोकाशी जाऊन उभी राहायचे. गाडी तर गॅरेजमध्येच होती. मग मी कशाची वाट बघत होते, ते मला आज ट्रेनमध्ये कळलं."

तो वळला. आत जाऊन हात धुतले, पंच्याला पुसले. परत आला तेव्हा त्याचे डोळे ओलसर होते आणि त्याने ते तिखटामुळे आहेत असं सांगायचा प्रयत्नही केला नाही.

"जेवून जाल?" त्याने विचारलं. "भाकरी मला गोल येत नाही. पण चटणी चांगली होते."

ती जेवून गेली. शेवटच्या ट्रेनपर्यंत तो तिला सोडायला आला, आणि पायऱ्या उतरताना त्याने पहिल्यांदा तिचा हात धरला. मग सोडलाच नाही.

फ्राऊ लिंडनर कॉन्स्टान्झला निघाल्या तो दिवस निरभ्र होता. सामानाचा ट्रक सकाळीच पुढे गेला. त्या स्वतः मात्र कॉर्व्हेटमध्ये बसल्या, अश्वजितच्या शेजारी, छत उघडं ठेवून. उत्कर्षा ट्रेनने निघाली, ब्लॅक फॉरेस्टच्या बोगद्यांमधून. ती पोचली तेव्हा निळी गाडी उर्सुलाच्या फाटकाशी आधीच उभी होती आणि दोघी बहिणी बागेत भांडत होत्या, टेबल कुठे मांडायचं यावरून.

चहापाणी झालं. निघायच्या वेळी फ्राऊ लिंडनर फाटकापर्यंत आल्या. त्यांनी गाडीच्या नाकावर हात ठेवला, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा. उत्कर्षा त्यांना बिलगली.

"उशीर झाला तर मला फोन करायचा," त्या तिच्या कानात म्हणाल्या. "मी विचारणार." मग अश्वजितकडे वळून, "चालव हिला. उभी ठेवू नकोस."

आणि त्या आत गेल्या, मागे न बघता, तळ्याच्या बाजूने.

परतीला त्यांना पलीकडच्या मेर्सबुर्गला गाड्या नेणारी फेरीबोट मिळाली. गाड्यांच्या रांगेत सगळ्यात पुढे, थेट पाण्यासमोर. अश्वजितने इंजिन बंद केलं आणि बोट सुटली. तळं इतकं शांत होतं की आकाश कुठे संपलं ते कळत नव्हतं. दूर बर्फाचे डोंगर, गुलाबी होत चाललेले. एक पांढरा पक्षी त्यांच्या बरोबरीने उडत होता, पंख न हलवता. गाडी स्थिर, आणि तरीही सरकतेय… उत्कर्षाला वाटलं, स्वप्नात असंच असतं.

"तुम्ही खोली शोधताय ना?" अश्वजित समोर बघतच म्हणाला.

"हो. हांडशुसहाइममध्येच मिळाली तर बरं."

"मी बघितलंय. हायडेलबर्गहून स्टुटगार्टला रोज जाता येतं. आमच्या ऑफिसातले दोघं जातात." तो थांबला. "म्हणजे… दोघांसाठी शोधली तर? म्हणजे आधी लग्न, मग खोली. किंवा खोली बघून ठेवायची आणि… क्रम तुम्ही सांगा. मला नीट विचारायचं होतं. काल आरशासमोर छान जमलं होतं."

उत्कर्षाला हसू आलं. तिला नागपूरचे बाबा आठवले, तिला विमानतळावर सोडताना सारखा चष्मा पुसणारे.

"आधी बाबांना फोन," ती म्हणाली. "ते खूप प्रश्न विचारतील. नांदेडच्या डासांबद्दलसुद्धा विचारतील."

"उत्तरं देईन. पण ते बाबांचं झालं…" तो आता तिच्याकडे वळला. "तुमचं स्वतःचं काय?"

पाण्यावरून गार वारा आला. तिचा रुमाल सुटून खांद्यावर पडला, तिने तो सावरला नाही. गिअरच्या दांड्यावर त्याचा हात होता. तिने त्यावर आपला हात ठेवला. या वेळी त्याने आखडून घेतला नाही.

"माझं हो आहे," ती म्हणाली. "केव्हापासूनच."

बोट किनाऱ्याला लागलेली त्यांना कळलीच नाही. समोरची साखळी सुटली होती, पिवळ्या जाकिटातला माणूस पुढे या म्हणून हात करत होता, आणि मागच्या गाडीने अगदी हलकेच, माफी मागितल्यासारखा, एक हॉर्न दिला.

"अश्वजित," उत्कर्षा म्हणाली, "चल ना… लोक थांबलेत."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मागून दुसरा हॉर्न आला, तिसरा आला. मग त्याने किल्ली फिरवली, आणि द्राक्षांच्या मळ्यांवर उतरलेल्या त्या जांभळ्या संध्याकाळीत निळी गाडी किनाऱ्यावर चढली.